सत्य नाकारणाऱ्यांना देव भ्रमात पाडतो, याचा अर्थ काय घ्यायचा? (२ थेस्सल. २:१०–१२)

अभ्यासू_वाचक

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात सध्या प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय चालू आहे आणि दहाव्या ते बाराव्या वचनांपाशी आमचे घोडे अडले आहे. ज्यांनी तारणासाठी सत्याची आवड धरली नाही, त्यांनी असत्यावर विश्वास ठेवावा म्हणून देव स्वतःच त्यांच्याकडे भ्रांती पाठवतो आणि मग त्यांचा न्याय करतो, असा त्या वचनांचा सरळ आशय दिसतो. माणसाने सत्य नाकारले तर त्याचा दोष त्याच्यावर यावा, हे समजू शकते. परंतु ज्याने नाकारले त्याला देवानेच आणखी खोल खड्ड्यात ढकलावे, हे न्यायी देवाला शोभते का, असा प्रश्न गटातील एका ज्येष्ठ भगिनींनी विचारला आणि त्यावर कोणालाही समाधानकारक उत्तर देता आले नाही.

याच्याशी जोडलेली आणखी एक अडचण आहे. ‘नाकारणे’ म्हणजे नेमके काय, याबद्दल आमच्यात एकमत नाही. ज्याने सुवार्ता ऐकली आणि हेतुपुरस्सर धुडकावली तो, ज्याला प्रामाणिक शंका आहेत तो, आणि ज्याच्या कानावर ती कधी पडलीच नाही तो, हे तिघेही एकाच पंक्तीत बसतात का? गटातील एका सदस्याचे म्हणणे असे होते की परिणाम याच आयुष्यात दिसू लागतात, आजार आणि नुकसान ही त्याची चिन्हे आहेत. मला ते पटले नाही, परंतु पटले नाही एवढे म्हणणे पुरेसे नाही. कृपया शास्त्राच्या आधारे उत्तर द्यावे. केवळ ‘देवाचे मार्ग अगम्य आहेत’ असे सांगून विषय मिटवू नये, ही विनंती.

ग्रंथपट

आपला प्रश्न योग्य आहे. पौलाची ही वचने एकटी वाचली की अन्यायकारक वाटतात, याचे कारण तो ज्या जुन्या करारातून बोलतो आहे तो आपल्या डोळ्यांसमोर नसतो. माझ्या मते या वचनांची गुरुकिल्ली राजे यांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे.

इस्राएलाचा राजा अहाब याला रामोथ-गिलाद जिंकून घ्यायचे आहे. यहूदाचा राजा यहोशाफाट त्याच्या सोबत आहे. शोमरोनाच्या वेशीपाशी दोन्ही राजे सिंहासनांवर बसले आहेत आणि सुमारे चारशे संदेष्टे एकमुखाने सांगत आहेत की चढाई करा, विजय तुमचाच आहे. यहोशाफाटाला हा एकसुरी जयजयकार खटकतो आणि तो विचारतो की परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा येथे नाही काय. त्यावर अहाब म्हणतो की मीखाया नावाचा एक जण आहे, परंतु मी त्याचा द्वेष करतो, कारण तो माझ्याविषयी कधी चांगले बोलत नाही. मीखाया खोटे बोलतो असा अहाबाचा आरोप नाही. त्याचे बोलणे आपल्याला सोयीचे नसते, एवढीच राजाची तक्रार आहे.

मीखाया येतो आणि आधी उपरोधाने चारशे जणांचेच शब्द उच्चारतो. अहाबाला तो उपरोध तत्काळ कळतो आणि तो चिडून म्हणतो की माझ्याशी केवळ सत्यच बोल, हे तुला किती वेळा शपथ घालून सांगावे. तेव्हा मीखाया त्याला सगळेच सांगून टाकतो: मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे इस्राएल लोक डोंगरांवर पांगलेले मी पाहिले, स्वर्गातील दरबार पाहिला, अहाबाला फूस लावण्यासाठी एक आत्मा पुढे आला आणि तुझ्या सर्व संदेष्ट्यांच्या मुखी असत्य वदवणारा आत्मा परमेश्वराने घातला आहे.

येथे क्षणभर थांबावे. देव भ्रांती पाठवतो, परंतु तीच भ्रांती असल्याचे ज्याच्यासाठी ती आहे त्याच्या तोंडावर, भर सभेत, आपल्या संदेष्ट्याकरवी जाहीर करतो. फसवू इच्छिणारा कोणी असे करत नाही. अहाबापुढे चारशे खोटी उत्तरे आणि एक खरे उत्तर आहे, खरे कोणते हेही त्याला सांगितलेले आहे, आणि तरी तो मीखायाला तुरुंगात टाकून, त्याला भाकरी व पाणी बेताचेच द्या असे बजावून लढाईवर निघतो. पुढचा तपशील मला विशेष बोलका वाटतो: तो वेष पालटून जातो. ज्या शब्दावर आपला विश्वास नाही असे त्याने दाखवले, त्याच शब्दाची धास्ती त्याला आहे. कोणा एकाने सहज धनुष्य ओढून सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरतो आणि संध्याकाळी तो मरतो.

पौलाचे विधान मी या कथेच्या प्रकाशात वाचतो. सत्याची ‘आवड’ धरली नाही, हे शब्द त्यासाठीच महत्त्वाचे आहेत. त्यांना सत्य कळले नाही, असे पौल म्हणत नाही. बाराव्या वचनात त्याने कारणही दिले आहे की त्यांना अनीतीत आनंद वाटला. देव त्यांच्यावर परकी भ्रांती लादत नाही, त्यांनी मागितलेलीच त्यांच्या पदरात टाकतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात चोविसाव्या, सव्विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या वचनांत, म्हणजे तीनदा, ‘देवाने त्यांना स्वाधीन केले’ असे येते, आणि प्रत्येक वेळी ज्याच्या स्वाधीन केले ती त्यांचीच वासना किंवा त्यांचेच भ्रष्ट मन आहे. स्तोत्र ८१ मध्येही हीच भाषा आहे: माझ्या लोकांनी माझी वाणी ऐकली नाही, म्हणून मी त्यांना त्यांच्या हट्टी मनाच्या हवाली केले. पवित्र शास्त्रात सत्य नाकारण्याचा पहिला परिणाम वीज कोसळणे हा नसतो. माणसाला हवे ते मिळते, आणि ऐकण्याची शक्ती हळूहळू निघून जाते.

जागा_राहा

वरील विवेचन चांगले आहे, तरी त्यातून एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. परिणाम केवळ आंतरिक आहे, माणसाचे मन बधिर होते आणि तेवढ्यावर विषय संपतो, असे शास्त्र म्हणत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की जो माझा अव्हेर करतो त्याचा न्याय करणारे कोणीतरी आहे. मी सांगितलेले वचनच शेवटच्या दिवशी त्याचा न्याय करील. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात तर सत्याचे ज्ञान मिळाल्यावर जाणूनबुजून पाप करत राहणाऱ्यांविषयी इतकी कडक भाषा आहे की ती मोठ्याने वाचताना आवाज खाली येतो.

अलीकडे आपल्या लिखाणात न्यायाच्या दिवसाचा उल्लेख टाळण्याची किंवा त्याला मानसशास्त्राचे मऊ कापड गुंडाळण्याची प्रवृत्ती वाढली आहे. अहाब शेवटी बाण लागून मेला, ही गोष्टही तेवढ्याच ठळकपणे सांगायला हवी.

इतिहासाचा_विद्यार्थी

मी विश्वासणारा नाही, परंतु बायबलमधील इतिहास आवडीने वाचतो, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडण्याची परवानगी घेतो. नाश झाल्यावर मागे वळून ‘यांनी देवाचे ऐकले नाही म्हणून असे झाले’ असे लिहिणे सोपे असते. यहूदाचे राज्य बुडाले त्याची कारणे सरळ राजकीय आहेत. इसवी सनापूर्वी ६०९ मध्ये योशीया राजा मगिद्दो येथे मारला गेला आणि मिसरचा राजा फारो नखो याने यहोयाकीमाला गादीवर बसवले. पुढे इसवी सनापूर्वी ६०५ मध्ये कर्कमीश येथे बाबेलच्या फौजेने मिसरी फौजेचा धुव्वा उडवला. यहोयाकीमाने बाबेलचे मांडलिकत्व पत्करले आणि तीन वर्षांनी बंड केले. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये यरुशलेम पडले, हे बाबेलच्या मातीच्या पाट्यांवरील इतिवृत्तातही नोंदलेले आहे. दोन महासत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहानशा राज्याने चुकीच्या बाजूवर डाव लावला. यात ‘दैवी सत्य नाकारण्याचा’ वेगळा परिणाम कोठे दाखवता येतो? यिर्मया संदेष्ट्याचा बाबेलपुढे नमते घेण्याचा सल्ला मुत्सद्दीपणाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, एवढेच मी मान्य करीन.

ग्रंथपट

इतिहासाचा_विद्यार्थी यांनी दिलेला घटनाक्रम बरोबर आहे आणि तो यिर्मयालाही मान्य झाला असता. बाबेल हे निमित्त आहे, हे तोच वारंवार सांगतो. राजकीय कारण आणि देवाचा न्याय यांपैकी एक निवडा, अशी अट शास्त्र घालत नाही. तरीही यहोयाकीमाचे नाव निघालेच आहे, तर त्याचा प्रसंग सविस्तर पाहू, कारण अभ्यासू_वाचक यांच्या ‘नाकारणे म्हणजे काय’ या प्रश्नाचे माझ्या माहितीतील सर्वांत स्पष्ट उत्तर यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात आहे.

यहोयाकीमाच्या चौथ्या वर्षी परमेश्वर यिर्मयाला आजवरचा सगळा संदेश ग्रंथपटावर लिहायला सांगतो. हेतू तिसऱ्या वचनातच दिला आहे: कदाचित यहूदाचे घराणे हे अरिष्ट ऐकेल, वाईट मार्गापासून वळेल आणि मी त्यांची क्षमा करीन. सगळ्या धमक्यांच्या मुळाशी हे ‘कदाचित’ आहे. परिणामांची घोषणा केली जाते ती परिणाम टळावेत म्हणून, आणि योनाच्या निनवेत ते खरोखरच टळले.

यिर्मयाला मंदिरात जाण्यास अटकाव होता, म्हणून पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात, उपासाच्या दिवशी, त्याचा लेखनिक बारूख तो ग्रंथपट घेऊन मंदिरात जातो आणि शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून लोकांना वाचून दाखवतो. मग सरदार त्याला बोलावून पुन्हा वाचून घेतात. ते घाबरतात, हे सर्व तू कसे लिहिलेस असे विचारतात, आणि बारूखाला सांगतात की तू व यिर्मया लपून राहा. त्यांना आपला राजा ठाऊक आहे.

तिसरे वाचन राजापुढे होते. हिवाळा आहे, राजा हिवाळी महालात बसला आहे, समोर शेगडी पेटलेली आहे. यहूदी नावाचा सेवक तीन-चार रकाने वाचतो, की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. रागाच्या झटक्यात त्याने सगळा पट एकदम आगीत फेकला असता तर गोष्ट निराळी होती. तो शेवटपर्यंत ऐकतो आणि ऐकलेले जाळत जातो. एलनाथान, दलाया आणि गमऱ्या त्याला तसे न करण्याची विनवणी करतात. (हाच एलनाथान पूर्वी उरीया संदेष्ट्याला मिसरातून पकडून आणण्यासाठी गेला होता आणि त्या संदेष्ट्याचा वध झाला होता, माणसे कोणत्या दिशेने बदलतील, याचा नेम नसतो.) राजा त्यांचे ऐकत नाही.

आणि मग चोविसावे वचन येते: राजाने किंवा त्याच्या सेवकांनी भय धरले नाही आणि आपली वस्त्रे फाडली नाहीत. वस्त्रांचा उल्लेख येथे का, हे समजण्यासाठी सुमारे अठरा वर्षे मागे जावे लागते. याच राजाचा बाप योशीया याच्यापुढे शाफान चिटणिसाने मंदिरात सापडलेले नियमशास्त्र वाचले होते, आणि योशीयाने ऐकताक्षणी आपली वस्त्रे फाडली होती. त्या वेळी वाचणारा शाफान होता. आता राजाला थांबवू पाहणाऱ्यांत त्याचा मुलगा आहे. बापाने ऐकून वस्त्रे फाडली, मुलाने ऐकून ग्रंथ फाडला.

नाकारणे म्हणजे काय, याचे आणखी एक अंग बाविसाव्या अध्यायात आहे. तेथे यिर्मया याच राजाला सुनावतो की तू गंधसरूचे तक्ते लावून, हिंगुळाचा रंग देऊन प्रशस्त महाल बांधतोस आणि शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतोस. तुझ्या बापाने गरिबांचा न्याय केला, आणि मला ओळखणे ते हेच नव्हे काय, असे परमेश्वर म्हणतो. मजुरी बुडवणाऱ्याला तो ग्रंथपट जाळावासा वाटणे स्वाभाविकच होते. रोमकरांस पत्रात पौल ‘अनीतीने सत्य दाबून ठेवणारे’ असे म्हणतो, तेव्हा तो बौद्धिक मतभेदाविषयी बोलत नसून हितसंबंधांविषयी बोलत आहे, असे मला ठामपणे वाटते.

आता इतिहासाचा_विद्यार्थी यांना आवडेल अशी एक गोष्ट. १९८२ मध्ये यरुशलेमेतील दावीद-नगरात यिगाल शिलो यांच्या उत्खननात मातीच्या अनेक मुद्रा सापडल्या. बाबेलच्या फौजेने नगर जाळले तेव्हाच्या राखेच्या थरात त्या होत्या. ज्या कागदपत्रांवर त्या लावल्या होत्या ती जळून गेली, मात्र माती भाजून पक्की झाल्यामुळे मुद्रा टिकल्या. त्यांपैकी एकीवर ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ हे नाव आहे, आणि तो हाच गमऱ्या असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. या मुद्रेने देवाचा न्याय सिद्ध होतो, असे मी म्हणणार नाही. परंतु कथा मागाहून रचली एवढे म्हणून तिच्यातली माणसे बाजूला सारता येत नाहीत.

राहिला ग्रंथपटाचा प्रश्न. यिर्मयाने दुसरा पट घेतला, बारूखाने पुन्हा सगळे लिहिले, आणि शेवटचे वचन सांगते की पहिल्यासारखी आणखी पुष्कळ वचने त्यात घातली गेली. सत्य नाकारल्याने सत्याचे काही बिघडले नाही.

इतिहासाचा_विद्यार्थी

गमऱ्याच्या मुद्रेविषयी वाचले होते, परंतु ती या प्रसंगाशी जोडून पाहिली नव्हती. माझे मूळ मत कायम आहे. तरी मजुरीचा मुद्दा मला पटतो: जो राजा प्रजेचे ऐकत नाही तो टीकाकाराचेही ऐकत नाही, आणि अशा दरबाराला बाहेरचे संकट वेळेवर दिसत नाही. याला आपण न्याय म्हणता, मी कार्यकारणभाव म्हणेन.

अभ्यासू_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अहाबाचा प्रसंग मी गटात नक्की मांडेन. परंतु माझ्या प्रश्नाचा एक भाग उरला आहे आणि आता तोच मला अधिक बोचतो. अहाब आणि यहोयाकीम हे उघड नाकारणारे आहेत, त्यांच्याबद्दल निर्णय करणे सोपे आहे. आमच्या गटातील ज्या भगिनींनी पहिला प्रश्न विचारला, त्यांचा तरुण मुलगा विश्वासापासून दूर गेला आहे आणि त्या स्वतः दीर्घकाळ आजारी आहेत. कोणीतरी त्यांना सांगितले आहे की ही सत्य नाकारल्याची फळे आहेत, आणि पवित्र आत्म्याच्या निंदेची क्षमा नसल्यामुळे मुलासाठी प्रार्थना करण्यातही आता अर्थ नाही. त्यांना मी काय सांगावे?

मंडळीचा_सेवक

त्यांना सर्वप्रथम हे सांगावे की ज्याने त्यांना असे सांगितले त्याला शास्त्राचा आधार नाही.

आजाराविषयी: लूकच्या तेराव्या अध्यायात काही लोक पिलाताने गालीली लोकांची यज्ञ करतानाच कत्तल केल्याची बातमी येशूकडे आणतात. येशू स्वतःहून आणखी एक घटना जोडतो, शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण मेल्याची, आणि विचारतो की ते यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय. उत्तरही तोच देतो की नाही. त्यानंतरचा पश्चात्तापाचा इशारा मेलेल्यांना नव्हे, बातमी आणणाऱ्यांना उद्देशून आहे, हे लोक नेहमी विसरतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणी केले’ असे विचारले तेव्हाही येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा कोप भडकतो तो आजारी ईयोबावर नव्हे, तर त्याच्या आजारपणातून त्याचे पाप शोधून काढणाऱ्या मित्रांवर. माणसाच्या दुःखावरून त्याचा हिशेब मांडणारे त्या पुस्तकात स्वतः दोषी ठरतात.

मुलाविषयी: पवित्र आत्म्याच्या निंदेचे वचन मार्कच्या तिसऱ्या अध्यायात ज्या प्रसंगात आले आहे तो प्रसंग सोडून ते वापरणे धोक्याचे आहे. यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशू भुते काढतो हे पाहतात, बरे झालेली माणसे त्यांच्या समोर आहेत, आणि तरी ते म्हणतात की हे भुतांच्या अधिपतीचे काम आहे. चांगल्याला चांगले म्हणून पाहिल्यावर त्याला सैतानी ठरवणे, असे ते पाप आहे. घरातून दुरावलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या, कदाचित मंडळीतील माणसांनीच दुखावलेल्या तरुणाला ते वचन लावता येत नाही. पौलाचेच पाहा. त्याने स्तेफनाच्या वधाला संमती दिली होती, घरोघर शिरून विश्वासणाऱ्यांना तुरुंगात टाकले होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो स्वतःला निंदक म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की मी ते न समजून अविश्वासामुळे केले म्हणून माझ्यावर दया झाली. तो दुरावलेला असताना कोणी त्याच्यासाठी प्रार्थना करणे थांबवले असते तर ते चूक ठरले असते.

शंका आणि अव्हेर यांत शास्त्र फरक करते. यहूदाच्या छोट्याशा पत्रात, जे एरवी खोट्या शिक्षकांवर आग ओकते, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, अशी आज्ञा आहे. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे ओरडणाऱ्या बापाला येशूने परत पाठवले नाही. मत्तयच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशूला नमन करणाऱ्यांपैकी कित्येकांना संशय वाटला, असे लिहिले आहे, आणि सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा त्यांना वगळून दिलेली नाही.

ज्यांनी ऐकलेच नाही त्यांच्याविषयी आपण सुरुवातीला विचारले होते. मत्तयच्या अकराव्या अध्यायात येशू खोराजिन, बेथसैदा आणि कफर्णहूम या नगरांना म्हणतो की न्यायाच्या दिवशी सोर, सीदोन आणि सदोम यांना तुमच्यापेक्षा सोपे जाईल, कारण तुमच्यात झालेली कृत्ये त्यांच्यात झाली असती तर त्यांनी पश्चात्ताप केला असता. म्हणजे मोजमाप मिळालेल्या प्रकाशाप्रमाणे आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा जाणणाऱ्या दासाला पुष्कळ फटके आणि न जाणणाऱ्याला थोडे, असे आहे. हे वाचून भीती कोणाला वाटायला हवी? मंडळीत वाढलेल्यांना, आपल्याला, ज्यांनी सगळे ऐकले आहे. या विषयावरची बहुतेक प्रवचने मात्र नेमकी बाहेरच्यांना उद्देशून असतात, याचे मला कायम नवल वाटते.

जागा_राहा

मंडळीचा_सेवक यांच्याशी मी सहमत आहे. न्यायाचा उल्लेख टाळू नये असे मी लिहिले होते, परंतु तो दुसऱ्याच्या घरात जाऊन पुकारण्याचा अधिकार मी मागितला नव्हता. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही तेव्हा याकोब आणि योहान यांनी आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागितली, आणि येशूने वळून त्यांनाच धमकावले.

शंका नव्हे, तर चालढकल ही खरी भीतीची गोष्ट आहे, असे मला वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत फेलिक्स सुभेदार पौलाचे नीतिमत्त्व, संयम आणि पुढचा न्याय यांविषयीचे बोलणे ऐकून भयभीत होतो आणि म्हणतो की आता जा, सवड सापडली की बोलावीन. तो पुन्हा पुन्हा बोलावतोही, लाच मिळेल या आशेने. दोन वर्षे हेच चालते आणि शेवटी तो पौलाला तुरुंगातच ठेवून निघून जातो. पुन्हा कधी भय वाटल्याचा उल्लेख नाही.

अभ्यासू_वाचक

मंडळीचा_सेवक यांचे उत्तर मी त्या भगिनींना शब्दशः वाचून दाखवणार आहे. एकच शेवटची शंका. इस्राएल लोकांना गुलामगिरीतून सोडायला तयार नसलेल्या मिसरच्या फारोच्या बाबतीत देवाने मोशेला आधीच सांगून ठेवले होते की मी त्याचे मन कठीण करीन. मग अहाबाप्रमाणे फारोला निवड होती, असे म्हणता येईल का?

ग्रंथपट

ही अडचण खरी आहे आणि ती पूर्णपणे सुटते, असा दावा मी करणार नाही. निर्गमाच्या चौथ्या आणि सातव्या अध्यायांत देव तसे आधी सांगतो, हे बरोबर. परंतु पीडांचा वृत्तांत सलग वाचला तर पहिल्या पाच पीडांनंतर फारोचे मन कठीण झाले किंवा फारोने आपले मन कठीण केले, असेच येते. परमेश्वराने ते कठीण केले, असे वृत्तांतात प्रथम येते ते सहाव्या पीडेनंतर, नवव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात. तोवर त्याचेच जादूगार ‘यात देवाचा हात आहे’ असे त्याला सांगून चुकले होते. सातव्या पीडेनंतर तो स्वतः ‘मी पाप केले’ असे म्हणतो आणि गारा थांबताच पुन्हा मन कठीण करतो. त्याची इच्छा कोठेही दडपलेली दिसत नाही, ती तिच्याच दिशेने घट्ट होत गेलेली दिसते.

पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात फारोचा दाखला देतो तेव्हा बहुतेक वाचक तेथेच थांबतात आणि देव काहींना कठीण करतो, काहींवर दया करतो, एवढाच निष्कर्ष घेऊन उठतात. पौल मात्र पुढे दोन अध्याय लिहितो. मशीहाला न ओळखलेल्या इस्राएलाविषयी तो विचारतो की देवाने आपल्या लोकांना टाकून दिले आहे काय, आणि ठामपणे नाही म्हणतो. त्यांचे कठीण होणे अंशतः आहे आणि मुदतीचे आहे, असे तो सांगतो. जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांद्यांनी तोडलेल्या फांद्यांपुढे बढाई मारू नये, कारण तोडलेल्यांना पुन्हा कलम करण्यास देव समर्थ आहे, अशी तंबी तो इतर राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना देतो. मंडळीने ही तंबी शतकानुशतके पाळली नाही आणि ‘सत्य नाकारणारे’ हा शिक्का संपूर्ण यहूदी समाजावर मारून त्यांचा भयंकर छळ केला. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, यहूदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित असे शास्त्राच्या नावाने दाखवू नये, हे स्पष्ट लिहिले.

म्हणून थेस्सलनीकाकरांस पत्रातील आपली वचने गटात शिकवताना त्यांच्याबरोबर रोमकरांस पत्राचे नववे ते अकरावे अध्याय एकाच बैठकीत वाचावेत, असे सुचवतो. अकराव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या वचनात पौल जेथे पोहोचतो ते असे आहे: देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवले आहे. भ्रांतीविषयीचे वचन आणि हे वचन एकाच माणसाने लिहिलेले आहे. ज्या भगिनींनी प्रश्न विचारला त्यांना बैठकीत हा भाग स्वतः वाचायला सांगावे.